वाइड अ‍ॅडॅप्टर लावला की कोपरे काळे, झूम केला की सगळं धुरकट : दर कार्यक्रमाला हेच होत असेल तर आधी हे बघा

माझ्या भावाच्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ आहे आमच्याकडे. त्यात पाळणा आहे, बाळ आहे, घुगऱ्यांचं पातेलं आहे, भिंतीवरचं घड्याळसुद्धा आहे, फक्त आत्या नाही. म्हणजे आत्याचा हात आहे, कोपरापर्यंत. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगणारी आमची ताई अख्खी फ्रेमच्या बाहेर, कारण ठाण्यातल्या चरईच्या जुन्या बिल्डिंगमधला तो हॉल दहा बाय बारा, मी किचनच्या दाराला पाठ टेकून उभा, अजून मागे सरकलो असतो तर थेट ओट्यावर बसलो असतो. ताई अजून ऐकवते.

त्यावर उपाय म्हणून मी कॅमकॉर्डरच्या लेन्सवर फिरवून बसवायची, फ्रेममध्ये जास्त मावेल अशी काच, म्हणजे वाइड अँगल अ‍ॅडॅप्टर घेतला, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्या दोन्हीच्या वेळी दर कार्यक्रमाला तीच रड, कधी कोपरे काळे, कधी झूम केला की फोकस गायब, कधी माणसांचे चेहरे काळवंडलेले. तिसऱ्याच्या वेळी मात्र लक्षात आलं की यातल्या निम्म्या भानगडी अ‍ॅडॅप्टरच्या नव्हत्याच, मी तो लावत कसा होतो आणि कॅमेऱ्यात काय चालू ठेवलं होतं त्याच्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्या मी आकड्याला भुलून जास्तच वाइड काच उचलली म्हणून होत्या.

कॅमेरा माझा कॅननचा एचएफ१००, जुना आहे, एसडी कार्डवाला, अजून ठणठणीत चालतो. आता कोणी म्हणेल मोबाईल वापर ना बाबा. वापरतो की, पण दोन तासांची सत्यनारायणाची पूजा सलग घ्यायची, मध्ये गुरुजींच्या हातावर झूम करायचा, फोन तापायला नको आणि बरोबर आरतीच्या वेळी कुणाचा कॉल यायला नको, तर कॅमकॉर्डरच बरा पडतो.

खरेदीच्या आधी एक हिशोब करा, मी तो तिसऱ्या अ‍ॅडॅप्टरच्या वेळी केला. या पिढीचे बरेच कॅमकॉर्डर झूम पूर्ण बाहेर, म्हणजे सगळ्यात वाइड, असताना ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण ४० ते ४५ मिमीला सुरू होतात (आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं), माझा ४३ च्या आसपास. म्हणजे १० फुटांवर उभं राहिलं की जेमतेम साडेआठ फूट रुंदीचं दिसतं. ०.७ चा अ‍ॅडॅप्टर लावला की ४३ गुणिले ०.७ म्हणजे ३० मिमी, आणि त्याच १० फुटांवर १२ फूट दिसतं, माझ्या हॉलची पूर्ण भिंत. ०.५ चा लावला तर साडेसोळा फूट. पण भिंतच १२ फुटांची असेल तर वरच्या साडेचार फुटांत काय दाखवणार, बाजूच्या भिंतींवरचे स्विचबोर्ड? उंचीचं पण बघा, ०.७ ला त्याच अंतरावर पावणेसात फूट उंची मावते, उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत येतो. घरगुती कार्यक्रमाला बास आहे. बाजारात मात्र ०.४५ लिहिलेला स्वस्त अ‍ॅडॅप्टर आपल्याला जास्त भारी वाटतो, आकडा लहान म्हणजे माल मोठा असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं.

आणि तुमचा कॅमकॉर्डर नवा असेल तर आधी त्याचा आकडा बघा. सोनीच्या सीएक्स४०५ सारख्या मॉडेलची सुरुवातच २६.८ मिमीला होते, म्हणजे माझ्या अ‍ॅडॅप्टर लावलेल्या कॅमेऱ्यापेक्षा तो तसाच जास्त वाइड. त्याच्यावर पैसे घालायच्या आधी मेनूत जाऊन स्टेबिलायझर कुठल्या मोडवर आहे ते बघा, अ‍ॅक्टिव्ह नावाचा जो जोरदार मोड असतो तो चित्राच्या कडा कापून हलणं सांभाळतो, त्यामुळे तो चालू असला की तुमची फ्रेम आपोआप अरुंद झालेली असते. कॅमेरा स्टँडवर असेल तर तो बंद करा, फुकटात थोडी जागा मिळते. माझ्या मित्राने घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधल्या मुंजीसाठी अ‍ॅडॅप्टर शोधायला घेतला होता, हा मोड बंद केला आणि शोध तिथेच संपला.

आता काळे कोपरे, कारण सगळ्यात जास्त छळतं ते हेच.

माझा पहिला अ‍ॅडॅप्टर गणपतीत लावला, आरतीचा व्हिडिओ टीव्हीवर लावला तर चारही कोपऱ्यांत काळी चंद्रकोर, जणू कोणी नळकांड्यातून बघतंय. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे अजिबात दिसलं नव्हतं, कारण माझ्या कॅमेऱ्याची स्क्रीन कडेचा थोडा भाग दाखवतच नाही, आणि मी दोन दिवस अ‍ॅडॅप्टरला शिव्या घालत होतो. मग सहज सगळं सोडवायला घेतलं तर आत यूव्ही फिल्टर! काच सांभाळायला म्हणून वर्षानुवर्षं लावलेला, त्याच्यावरच मी अ‍ॅडॅप्टर फिरवून बसवला होता. अ‍ॅडॅप्टरची मागची काच लेन्सच्या जितकी जवळ तितकं बरं, मध्ये फिल्टरची जाडी आली, त्यात एखादी रिंग आली, की ती कड फ्रेममध्ये डोकावते. फिल्टर काढला आणि तीन भाग काळेपणा गेला.

उरलेला एक भाग रिंगचा, म्हणजे दोन्हीकडचे आटे जुळवायला मध्ये लावतात त्या कड्याचा होता. लेन्सच्या तोंडाशी गोलावर तिरकी रेघ मारलेलं एक चिन्ह असतं आणि पुढे आकडा, ३७, ४३, ४९, ५२, ५५, ५८ असा. तो आट्यांचा व्यास असतो, मिलिमीटरमध्ये, लेन्स किती वाइड आहे त्याच्याशी त्याचा काहीएक संबंध नाही, पण मिलिमीटरच्या या दोन आकड्यांत बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, माझाही झाला. माझ्या कॅमेऱ्याचे आटे ३७ चे. अ‍ॅडॅप्टर ३७ चाच मिळाला तर उत्तम. मोठा असेल, समजा ५८ चा, तर ३७-५८ लिहिलेली स्टेप-अप रिंग लागते, पहिला आकडा कॅमेऱ्याकडचा आणि दुसरा अ‍ॅडॅप्टरकडचा, आणि यात कोपरे सहसा सुरक्षित राहतात कारण पुढची काच मोठी असते. उलटं करू नका, म्हणजे ४३ च्या लेन्सवर ३७ चा अ‍ॅडॅप्टर उतरत्या रिंगने बसवला की कोपरे काळे होणारच, त्यात सेटिंग बदलून काही होत नाही.

कारण ओळखायची माझी पद्धत अशी. पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरायचा, पूर्ण वाइड, आणि हळूहळू झूम आत न्यायचा. चारही कोपरे सारखेच काळे आहेत आणि थोड्याशा झूमने जातायत, तर फिल्टर, रिंग किंवा अ‍ॅडॅप्टरची कड आड येतेय. एकाच बाजूचे दोन कोपरे काळे असतील तर अ‍ॅडॅप्टर तिरका बसलाय, आटे चुकून चढलेत. आणि हात हलला की काळेपणा येतो-जातो असं असेल तर तो स्टेबिलायझरचा खेळ, आतली काच सरकते तसं चित्र कडेला घासतं, स्टँडवर लावून स्टेबिलायझर बंद केला की कळतं. बरेच जण सांगतात थोडा झूम मारून घ्या, कोपरे जातात. जातात खरे, पण ०.४५ चा अ‍ॅडॅप्टर घेऊन कोपरे घालवायला झूम मारत मारत तुम्ही ०.६ किंवा ०.७ वर येऊन पोचता, मग तो ०.४५ कशाला घेतला?

आणि तो आकडा तरी खरा असतो का? माझ्या पहिल्या अ‍ॅडॅप्टरवर ठळक ०.४५ छापलेलं. भिंतीला मेजर टेप लावला, कॅमेरा दोन मीटरवर ठेवला, अ‍ॅडॅप्टरशिवाय १६५ सेंटिमीटर दिसत होतं, अ‍ॅडॅप्टर लावून २४५. भागाकार करा, ०.६७ येतो. पाच मिनिटांचं काम आहे, दुकानातसुद्धा करता येतं, दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो एवढंच.

दुसरी मोठी तक्रार, वाइडला ठीक पण झूम केला की सगळं धुरकट. माझा दुसरा अ‍ॅडॅप्टर याच रोगाचा होता, वहिनीच्या मंगळागौरीत फुगडीचा लांबचा शॉट सुंदर आला आणि झूम करून चेहरे घ्यायला गेलो तर सगळ्या बायका वाफेतून बघितल्यासारख्या. त्याचं असं असतं की वाइड अ‍ॅडॅप्टर म्हणजे जवळजवळ उलटी धरलेली दुर्बीण, लहानपणी आपण सगळ्यांनीच उलट्या बाजूने बघितलंय, सगळं लहान आणि लांब दिसतं आणि खूप काही मावतं. ही दुर्बीण नीट बनवलेली असेल तर समांतर आलेले किरण समांतरच बाहेर सोडते, कॅमेऱ्याला कळतही नाही की पुढे काही लावलंय. स्वस्तात हे नेमकं जमलेलं नसतं. वाइडला ते खपून जातं, कारण त्यावेळी माझ्या कॅमेऱ्याची लेन्स अ‍ॅडॅप्टरच्या काचेतून एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षाही बारीक किरणांचा झोत घेते, पण झूम पूर्ण आत नेला की तोच झोत १९ मिलिमीटरच्या घरात जातो, काचेचा मोठा भाग वापरला जातो आणि काचेत असलेली सगळी खोट बाहेर येते, वर १२ पट मोठी होऊन.

त्यामुळे विकत घेताना विचारायचा प्रश्न "किती एक्स", म्हणजे ०.७ की ०.४५, हा नाही, "पूर्ण झूमला फोकस राहतो का" हा आहे. ०.७ आणि ०.८ वाल्यांत पूर्ण झूम चालणारे जास्त सापडतात, ०.५ च्या खालचे बहुतेक फक्त वाइड टोकाला वापरायचे. "विथ मॅक्रो", म्हणजे अगदी जवळच्या वस्तू घ्यायची काच सोबत, असं लिहिलेलं असेल आणि मधून फिरवून दोन तुकडे होत असतील तर झूम विसरा. शिवाय जितका जास्त वाइड तितकी चौकट पोट काढते, दाराच्या उभ्या रेषा धनुष्यासारख्या वाकतात आणि कडेला उभी असलेली माणसं फुगतात. कडेला कोण उभं राहतं? लग्नाच्या फोटोत नाराज होणारे नातेवाईकच.

ऑटोफोकस सैरभैर होतोय का, एकदा लागतो एकदा सुटतो? काही कॅमकॉर्डरांना लेन्सशिवाय बाहेर एक वेगळा फोकसचा सेन्सर असतो, कॅननमध्ये त्याला इन्स्टंट एएफ म्हणतात, आणि जाड अ‍ॅडॅप्टर लावला की तो बरोबर त्याच्यासमोर येतो. बिचारा सेन्सर अ‍ॅडॅप्टरच्या कडेचं अंतर मोजत बसतो. मेनूत फोकस मोड नॉर्मल एएफ करायचा, संपलं. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, मी पुस्तिका माळ्यावर टाकली होती. रिमोट चालेनासा होणं आणि कॅमेऱ्याच्या छोट्या लाइटची सावली फ्रेममध्ये खाली पडणं हे पण याच जाडीमुळे, लाइट बंद करा आणि खोलीची ट्यूब लावा. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांच्या मेनूत कन्व्हर्जन लेन्स नावाचं सेटिंग आहे, ते वाइडवर केलं की स्टेबिलायझर आणि फोकस त्या हिशोबाने वागतात, नाहीतर कॅमेरा बाजूला फिरवताना चित्र दारूड्यासारखं डुलतं.

चेहरे काळे येण्याचं मला फार नवल वाटायचं. दुकानदार म्हणाला काच प्रकाश खाते. थोडा खाते, पण इतका नाही, चांगल्या अ‍ॅडॅप्टरने लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, बदलत नाही. खरं कारण असं की आधी फ्रेममध्ये नसलेली खिडकी आणि डोक्यावरची ट्यूबलाइट आता फ्रेममध्ये आलेली असते, कॅमेरा तिच्याकडे बघून स्वतःला मंद करतो आणि तिच्यासमोर बसलेले यजमान काळे पडतात. खिडकीचा पडदा ओढा किंवा एक्स्पोजर हाताने थोडं वर न्या. एक फायदा मात्र कोणी सांगत नाही, वाइड असल्यामुळे तुम्ही चार-पाच फुटांवर जाऊन उभे राहू शकता, त्यामुळे कॅमेऱ्याच्याच माइकवर गुरुजींचे मंत्र स्वच्छ येतात, नाहीतर पंख्याची घरघर आणि मागच्या बायकांच्या गप्पा.

काचेवरची धूळ हे अजून एक. पाडव्याला शोभायात्रा घेत होतो, गोखले रोडवर ऊन रणरणतं, व्हिडिओत सगळीकडे करडे ठिपके, मला वाटलं सेन्सर गेला. भर उन्हात अ‍ॅपर्चर अगदी बारीक होतं, लेन्स पूर्ण वाइड, मग अगदी पुढ्यातली काचसुद्धा बऱ्यापैकी फोकसमध्ये येते, आणि अ‍ॅडॅप्टरच्या मागच्या काचेवर, जी आपण कधीच पुसत नाही, तिच्यावरचा कचरा दिसतो. ब्लोअरने उडवायचा, शर्टाच्या टोकाने नाही. तसंही शोभायात्रेला वाइड लावू नये, ढोलपथक मुंगीएवढं दिसतं आणि रस्ता रिकामा वाटतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आलं की लेन्स आणि अ‍ॅडॅप्टर यांच्या मधल्या पोकळीत वाफ धरते, ती बाहेरून पुसून जात नाही, अ‍ॅडॅप्टर सोडवून दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. आपल्या हवेत बुरशीही लवकर लागते, मी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

बसवताना घाई नको. कॅमकॉर्डरचे आटे बहुतेक प्लास्टिकचे, अ‍ॅडॅप्टर धातूचा आणि वजनदार, एकदा आटा चुकीचा चढला की गेला. अ‍ॅडॅप्टर टेकवून आधी उलटा फिरवा, बारीक टक असा आवाज येऊन तो किंचित खाली बसतो, तिथून सुलटा फिरवा, बोटांच्या टोकांनी, जोर न लावता. अडकला तर मुठीत आवळून पिळू नका, आवळल्याने रिंग लंबगोल होते आणि अजून घट्ट धरते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायचे, तळव्याने सगळीकडून सारखं धरायचं आणि अलगद फिरवायचं. आटेच नसलेला कॅमेरा असेल तर चिकटवायची चुंबकाची रिंग मिळते, पण ज्याचं लेन्सचं झाकण आपोआप उघडतं त्याच्यावर ती चिकटवायच्या आधी झाकण कुठे सरकतं ते दहा वेळा बघा.

तिसरा अ‍ॅडॅप्टर मी फोर्टातून घेतला, बोरा बाजारच्या गल्लीतून, जुना, ०.७ चा, ३७ च्या आट्यांचा. सकाळची ठाण्याची फास्ट पकडली, कॅमेरा, भरलेली बॅटरी, रिकामं कार्ड आणि कालनिर्णयची पाच पानं पिशवीत. दुकानाच्या भिंतीवर एक पान मध्ये आणि चार कोपऱ्यांत चार अशी टेपने चिकटवली, काका आधी हसले, मग स्वतःच टेप कापून द्यायला लागले. पूर्ण वाइड, अर्धा झूम, पूर्ण झूम, प्रत्येकी दहा सेकंद, आधी अ‍ॅडॅप्टरशिवाय मग लावून, आणि मग त्यांच्याच टीव्हीला वायर जोडून बघितलं. कोपऱ्यातल्या पानावरची तिथी वाचता आली. कडेला अक्षरांना जांभळी किनार होती, थोडी, ती मी सोडून दिली कारण आरतीच्या व्हिडिओत कोणी तिथी वाचायला जात नाही. काळे कोपरे नव्हते आणि पूर्ण झूमला मधलं पान कुरकुरीत होतं.

पहिला अ‍ॅडॅप्टर फेकलेला नाही. त्याचा पुढचा तुकडा फिरवून काढला की मागे जी छोटी मॅक्रोची काच उरते ती लावायची, झूम पूर्ण आत न्यायचा आणि वस्तूच्या अगदी जवळ जायचं, फोकस सापडेपर्यंत कॅमेराच पुढे-मागे सरकवत. परवा संकष्टीला ताई मोदक वळत होती, तिच्या बोटांनी पारीला एकेक कळी पाडताना घेतली. यावेळी पण तिचा फक्त हातच आलाय फ्रेममध्ये, पण काही बोलली नाही.